कार्तिकात रिकामी होणारी शाळा

मलकापूरच्या उद्योगशाळेत मुलं पावसाळ्यात भरती व्हायची आणि कार्तिकात नाहीशी व्हायची. आषाढात फिटरच्या वर्गात उभं राहायला जागा नसे. लोखंड घट्ट धरणारे शिकंजे कमी आणि मुलं जास्त, म्हणून एकेका शिकंज्यावर दोघं दोघं पाळीनं लोखंड घासायची कानस चालवत. दिवाळी झाली, गावातल्या जिनांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, भोंगे वाजू लागले, की वर्ग निम्मा होई. माघ लागेपर्यंत शिकंज्यांवर गंज चढू लागे. शिक्षण दोन वर्षांचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नागपूरहून परीक्षक येत आणि पास झालेल्याला सरकारी शिक्क्याचा दाखला मिळे. शाळा निघाल्यापासून ज्यांच्या हाती तो दाखला पडला, ती सगळी मुलं एका बैलगाडीत मावली असती, आणि गाडीवानाला पाय पसरायलाही जागा उरली असती.

ह्या गळतीचं शाळेच्या समितीला फार दुःख होतं. समितीत मोठी माणसं होती. अध्यक्ष एका जिनाचे मालक, शेठजी. त्यांच्या उजव्या हाताला एक वकील. डाव्या हाताला एक मोठे जमीनदार, ज्यांना शाळेत नक्की काय शिकवतात हे शेवटपर्यंत कळलं नाही; ते आमच्या कामशाळेला ‘लोहारकी’ म्हणत आणि नाकावर उपरणं धरत. चिटणीस आमचे हेडमास्तर. मी फिटरच्या वर्गातला विद्यार्थी, पण माझं अक्षर बरं होतं म्हणून बैठकीची हकीकत लिहायला हेडमास्तर मला कोपऱ्यात बसवत. त्यामुळे मुलं का टिकत नाहीत ह्याची कारणं मी समितीच्या तोंडून ऐकली आणि माझ्या हातानं लिहिली.

वकील म्हणाले, “चहा. स्टेशनावर चहाची दुकानं झाली आणि पोरं बिघडली.”

जमीनदार म्हणाले, “आमच्या वेळी अशी गळती नव्हती.” त्यांच्या वेळी शाळाच नव्हती, पण हे कुणी बोललं नाही. मीही ते वाक्य लिहून घेतलं.

शेठजी लोडाला टेकून सावकाश म्हणाले, “मूळ गोष्ट अशी आहे मास्तर, की ह्या पोरांत चिकाटी नाही. टिकून राहणं रक्तात लागतं.”

हे शेठजी बोलत होते त्याच दिवशी सकाळी त्यांच्या जिनाचा मुकादम शाळेच्या फाटकाशी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारत होता, “कानस धरता येते काय रे? चाल मंग.” अर्धं काम शिकलेला मुलगा जिनाला फार सोयीचा. पट्टा चढवतो, तेल घालतो, रोलर घासतो, आणि दाखला नसल्यामुळे मजूर म्हणूनच राबतो. अध्यक्ष बैठकीत मुलांच्या गळतीवर शोक करत आणि त्यांचा मुकादम फाटकाशी ती गळती गोळा करत असे.

समितीनं दोन उपाय ठरवले. एक, वर्षभर न चुकता हजर राहणाऱ्याला रुप्याचं पदक. दोन, हजेरी सकाळी लवकर घेणं, म्हणजे मुलं सुस्तावणार नाहीत. शाळेत घड्याळ नव्हतं. हेडमास्तर शेठजींच्या जिनाच्या भोंग्यावर वेळ धरत. म्हणून हजेरी ठरली ती नेमकी पहिल्या भोंग्याला, ज्या भोंग्याला जिनाचं फाटक उघडायचं. एकाच आवाजानं मुलांना दोन फाटकांवर बोलावलं, आणि जिनाच्या फाटकावर गर्दी झाली तेव्हा समितीला नवल वाटलं.

मी तेव्हा पत्रकांवर जगत होतो. देऊळगाव राजाला आमच्या घरी माझा चुलतभाऊ नागपूरहून येताना धोतराच्या घडीत पत्रकं दडवून आणायचा. ती वाचूनच मी वाचायला शिकलो असं म्हटलं तरी चालेल. शाळेच्या पुस्तकातली फुलपाखरं मला कधीच आवडली नाहीत. मला ‘जाहीर निषेध’, ‘बंधूंनो, जागे व्हा’ असली अक्षरं आवडायची. मलकापूरला शिकायला आलो तेव्हा माझ्या पेटीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. राहायला होतो आत्याकडे. सकाळी गरम भाकरी, दुपारी डब्यात भाकरी, संध्याकाळी पुन्हा भाकरी. एवढं जेवून मी श्रमिकांच्या दुःखावर विचार करायला मोकळा असे.

वर्गात माझा सोबती होता उंद्रीचा. आमच्यात मुलांना गावाच्या नावानंच हाक मारायची रीत होती, आणि उंद्रीहून तो एकटाच आला होता. घरी वांगी-मिरचीचा मळा. हात रुंद, बोटं जाड, पण त्या बोटांत कानस आली की ती अशी सरळ जाई की आमचे मिस्त्री बघत उभे राहत. मिस्त्री म्हणजे कामशाळेत हात धरून शिकवणारे. मुसलमान, वयस्कर, पांढरी दाढी. सही करण्यापुरतं लिहिणं. त्यांना आम्ही मिस्त्रीबाबा म्हणत असू. शेठजी आले की ते झुकून सलाम करत. मला तो सलाम मुळीच खपत नसे.

उंद्रीच्याला मी माझी पत्रकं वाचायला द्यायचो. तो परत देताना म्हणायचा, “कागद चांगला हाय बे. हाताचं तेल मस्त चोखते.”

“वाचलंस का?”

“हाव. तू बोलतो तसंच लिव्हलं हाय. का तू लिव्हलं तसं बोलून राह्यला?”

दुसऱ्या वर्षाच्या कार्तिकात तो सकाळच्या हजेरीला दिसेनासा झाला. त्याच्याबरोबर आणखी तिघं. मी समजलो, मुकादमानं नेलं. पण पटावर चौघांचीही नावं रोज हजर पडत होती. मला शोध लागला तो असा. एक दिवस दुपारी मिस्त्रीबाबा हातात कानशींची पिशवी घेऊन शाळेबाहेर पडले. मी मागं गेलो. ते शेठजींच्या जिनाच्या मागच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये शिरले. जेवणाच्या सुट्टीत चौघं तिथं सरकीच्या पोत्यांवर बसले होते. समोर जिनाचेच मोडके भाग, झिजलेली चावी, दात गेलेलं चाक. मिस्त्रीबाबा एकेकाच्या हातावर हात ठेवून कानस चालवायला लावत होते. दुपारचा भोंगा होईपर्यंत शिकवलं, पिशवी उचलली आणि शाळेत येऊन चौघांपुढं हजर लिहवून घेतलं. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणायचे, “शिकले ना आज? मंग हाजर.” हेडमास्तर पुढं काही विचारत नसत. पटावर नावं असलेली त्यांनाही बरी.

मी भारावून गेलो. शाळेत शिकवायचं ते शेठजींच्याच छपराखाली, त्यांच्याच मोडक्या लोखंडावर शिकवलं जात होतं! माझ्यासारख्याला अशी गोष्ट सापडली की तो ती स्वतःजवळ ठेवू शकत नाही. मी आठ दिवस बसून पत्रक लिहिलं. ‘उद्योगशाळा समितीस जाहीर सवाल’. त्यात अध्यक्षांचा दुटप्पीपणा होता, भांडवल होतं, साम्राज्य होतं, आणि शेवटी उदाहरण म्हणून, ‘उंद्रीच्या मळ्यातला एक कष्टाळू विद्यार्थी आणि त्याला दुपारच्या सुट्टीत जिनात जाऊन शिकवणारा वृद्ध मिस्त्री’ होते. नावं मी घातली नाहीत. मला वाटलं, एवढी काळजी पुरे.

लग्नपत्रिका छापणाऱ्यानं ते छापून दिलं. त्याच्याकडे कोरा कागद संपला होता, म्हणून लग्नसराईतून उरलेल्या गुलाबी कागदावर छापलं. वर कोपऱ्यात गणपती तसाच राहिला. बाजाराच्या दिवशी मी ते वाटलं. लोकांनी आधी लग्न कुणाचं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. ह्या वेळी हकीकत लिहायला मला बोलावलं नाही. संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली: खोटी हजेरी लावल्याचं उघड झाल्यामुळे चार विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी करण्यात आली आहेत, मिस्त्रींच्या वर्तनाचा विचार परीक्षेनंतर होईल. परीक्षा चैत्रात होती. नाव पटावर नाही तर परीक्षा नाही. आणि दोन वर्षं काम शिकलेल्यालाही दाखल्याशिवाय कुणी फिटर म्हणत नाही.

मी धावत जिनाच्या फाटकाशी गेलो. उंद्रीचा सुट्टीत बाहेर आला. केसांत, भुवयांत रुई अडकलेली.

“मले काऊन छापलं बे?”

“तुझ्यासाठीच लिहिलं मी.”

“मह्यासाठी? मले इचारलं?”

“नाव नाही घातलं तुझं.”

“उंद्रीचा, मळ्यातला, फिटरच्या वर्गातला. उंद्रीचे किती हायेत इथं? मी एकलाच हावो, का मह्यासंगं बैलबी भरती झाला?”

मी म्हणालो, “शेठचा मुकादम मुलांना पळवतो हे लोकांना कळायला नको?”

त्यानं खिशातून तो गुलाबी कागद काढला. चार घड्या पडलेल्या, तेलाचे डाग. “हे वाच पुन्हा. मोठ्यानं.” मी अर्ध्यापर्यंत वाचलं. त्यानं थांबवलं.

“यात सारं हाय. इंग्रज हाय. शेठ हाय. भाकर कुठी हाय?”

“भाकर?”

“वसतिगृहातली मावशी दिवाळीपासून जिनात रुई निवडून राह्यली. चूल थंडी हाय. मास्तरनं पाटी लावली, आपापली सोय पाहा म्हणून. म्या सोय पाह्यली. मुकादम मंग आला, बे. पयले भूक आली. तुले मालूम नोतं?”

मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी त्याच शाळेत होतो. वसतिगृह म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. कामशाळेपासून वीस पावलं. मावशी मुलांचा स्वयंपाक करायची, दोन लेकरं पाठीशी असलेली बाई. जिनात हंगामात जास्त मिळे म्हणून दर कार्तिकात ती जिनात जाई आणि होळीनंतर परत येई. तेवढे महिने वसतिगृहात चूल पेटत नसे. मुलं चार दिवस चुरमुऱ्यांवर काढत, पाचव्या दिवशी जिनात जात, कारण तिथं दुपारी पोटाला मिळे. ही एवढीच गळती होती. त्यात चहा नव्हता, चिकाटी नव्हती, रक्त नव्हतं. समितीच्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं आणि त्याचं कारण सरळ होतं: ते घरी जेवत. माझंही कारण तेच होतं.

“तू कुठी जेवतो?” उंद्रीच्यानं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. भोंगा झाला आणि तो आत गेला.

दोन दिवसांनी शेठजींनी मला बोलावणं पाठवलं. ओरडले नाहीत. लाडू पुढं ठेवला. म्हणाले, “तरुण रक्त आहे, आम्ही समजतो. तुम्ही लेखी माफी द्या की पत्रकातला मजकूर खोटा आहे आणि तुमची दिशाभूल झाली. बक्षीस समारंभात ती वाचली जाईल. मग चौघांची नावं पुन्हा घेऊ, मिस्त्रीचंही मिटवू. समिती काही कठोर नाही.”

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सत्याची माफी मागत नसतात.” लाडूला हात न लावता बाहेर पडलो. घरी येईपर्यंत मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की वाटेत भेटलेल्या आत्याच्या शेजारणीलाही मी ते वाक्य ऐकवलं. तिनं विचारलं, “मग लाडू तसाच राहिला का हो?”

ते दोन दिवस मी चांगले काढले. माझ्या सगळ्या पत्रकांत असंच वागणारी माणसं होती. ती तुरुंगात जात, फासावर जात, पण लिहिलेलं मागं घेत नसत. त्यांच्या निश्चयामुळे दुसऱ्या कुणाची परीक्षा बुडाल्याचं एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीबाबा आत्याच्या ओसरीशी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी सांगायला लागलो, तत्त्व, सत्य, समितीचा डाव. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “बेटा, जिनातला शिकंजा घिसला हाय. जबडा तिरपा बसते. त्यात चौरस निघत नाई. परीक्षेत चौरसच येते. मले शाळेतला शिकंजा पायजे, पोराच्या हाताखाली, रोज. फाटक बंद हाय. तुमी सई करून टाका, म्हंजे फाटक उघडीन.”

“मिस्त्रीबाबा, तुमचीही बदनामी केली त्यांनी.”

“हाव, केली,” ते म्हणाले. “आज पोरं शाळेत गेले अस्ते तं दोन घंटे काम झालं अस्तं.”

मी सही केली. माफीपत्र हेडमास्तरांनी सांगितलं आणि मी सुंदर अक्षरात लिहिलं. ‘दिशाभूल’ ह्या शब्दाखाली त्यांनी मला रेघ ओढायला लावली.

बक्षीस समारंभाला कनात लावली होती. हजेरीचं रुप्याचं पदक जमीनदारांच्या भाच्याला मिळालं. तो वर्षभर रोज पहिल्या भोंग्याला हजर होता. कानस उलटी धरायचा आणि कपड्याला तेल लागेल म्हणून शिकंज्यापासून हात लांब ठेवायचा. टिकून राहिल्याबद्दल टाळ्या झाल्या. मग वकिलांनी माझी माफी वाचली. मला उभं राहायला लावलं होतं. रेघ ओढलेल्या शब्दापाशी ते थांबले, त्यांनी लोकांकडे बघितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा कनातीमागच्या कामशाळेतून कानशीचा आवाज येत होता. लांब, सारखा, मधे न अडखळता. शेठजींनी विचारलं, “समारंभाच्या वेळी कोण काम करतंय?” हेडमास्तर उठून बघायला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. बहुधा त्यांच्या लक्षात आलं की उंद्रीच्याचं नाव पुन्हा पटावर आहे.

परीक्षक आले, डोक्यावर टोप, बोलणं तुटक. कामाची परीक्षा फिटरची नेहमीची होती: लोखंडाच्या पट्टीत चौकोनी भोक पाडायचं, आणि दुसऱ्या तुकड्याचा चौकोन करून त्यात असा बसवायचा की चारी बाजूंनी फिरवला तरी बसला पाहिजे. परीक्षक ते खिडकीच्या उजेडासमोर धरतात. कडेनं उजेड दिसला तर काम कच्चं. शेठजी आणि हेडमास्तर मागं उभे होते.

उंद्रीच्याचं काम उजेडासमोर धरलं. काळं. तुकडा काढला, फिरवला, पुन्हा बसवला. काळं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. परीक्षकांनी पट्टी हातात तोलली आणि विचारलं, “कुणी शिकवलं?”

हेडमास्तर पुढं झाले. “आमच्या संस्थेचा हजेरीवर फार कटाक्ष असतो, साहेब.”

उंद्रीच्यानं मिस्त्रीबाबांकडे बघितलं. मिस्त्रीबाबा फरशीवर पडलेला लोखंडाचा कीस झाडूनं गोळा करत होते.

मग माझं काम उजेडासमोर धरलं. दोन बाजूंनी उजेडाची रेघ दिसली, एका कोपऱ्यात तर अख्खं बाहेरचं लिंबाचं झाड. परीक्षकांनी ते खाली ठेवलं. लेखी पेपरात मला भरपूर गुण होते, म्हणून पास झालो.

निकाल लागल्यावर मी उंद्रीच्याला मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला गेलो. बुलढाण्याची मोटार भरत होती. दाखला त्यानं सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी धरला होता.

“आता कुठं?” मी विचारलं.

“चार दिस घरी. मंग जिनात. फिटर म्हणून.”

“त्याच शेठकडे? ज्यानं तुझं नाव काढलं?”

“दुसरा जिन दाखव ना, जो शेठचा नाई.” तो हसला, आणि मग हसू थांबवून म्हणाला, “आयक. पुढल्या आषाढात नवे पोट्टे येतीन. कार्तिकात मावशी जिनात जाईन. तू इथंच हायस ना? आत्या हाय तुही, शेजारपाजार हाय. चार महिन्यांसाठी भाकरी थापाले एक बाई पाय. चार घरं फिर, ज्वारी मांग. एवढं झालं तं पोट्टे टिकतीन. कागद मंग काढ, पायजे तेवढे.”

मी हो म्हणालो. मोटार निघताना त्यानं खिडकीतून पुन्हा विचारलं, “पाह्यशीन ना?” मी पुन्हा हो म्हणालो.

त्या आषाढात मी नागपूरला कॉलेजात गेलो. तिथल्या वसतिगृहात बारा महिने दोन वेळा ताट मिळत असे आणि मुलं टिकत. मी शिक्षणाच्या प्रश्नावर नवं पत्रक काढलं. ह्या वेळी पहिल्याच ओळीत भाकर होती. पांढऱ्या कागदावर छापलेलं होतं, वाचणाऱ्यांनी फार वाखाणलं, आणि मी ते मलकापूर सोडून सगळीकडे पाठवलं.

दिवाळीनंतर आत्याचं पत्र आलं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली. खाली तिनं लिहिलं होतं की उद्योगशाळेचं वसतिगृह यंदाही बंद पडलं आहे, पहिल्या वर्षाची मुलं जिनात दिसतात, आणि उंद्रीचा तो मुलगा दोनदा येऊन तुझा पत्ता विचारून गेला, काय सांगू?

मी उत्तर लिहिलं. लग्नाबद्दल आनंद कळवला, म्हशीबद्दल विचारलं. पत्त्याविषयी काहीच लिहिलं नाही.